सतरा भिंतीवरची विजयमाला

माझी साईट बुडाली ते माझ्याच मस्तीनं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नेरमधी माझ्याबद्दल चार गोष्टी चालू हाय आन त्यातल्या तीन मीच पसरवेल हाय.

साईट म्हणजे 'गोपाल फोटो, नेर'. बस स्टँडच्या मांगं माझा स्टुडिओ. यवतमाळच्या कपिलनं मले ते साईट बनवून देल्ली होती. लग्न, बारसं, पोळा, शाळेचं गॅदरिंग, सगळ्याचे वेगळे वेगळे पान. ते साईट दरसाल पुढं चालू ठेवा लागते म्हणे. त्याचे मेसेज यायचे, तुमची मुदत संपत हाय, इथी दाबा. मी म्हणलं, हा फ्रॉडवाला. अर्ध्या गावाले अशे खोटे मेसेज पाठवून मीच हसत बसतो, मले कोण फसवते. त्याचा मेसेज आला की मी उलटा त्याले गाढवाचा फोटो पाठवू. सहा मेसेज आले, सहा गाढवं गेले. सगळे माझ्या हातचे, चांगल्या उजेडातले. सातवा मेसेज आलाच नाही. मी म्हणलं, जितलो.

मार्चमधी साईट गेली. मले समजलं ऑगस्टमधी.

तुमी म्हणान, फोटो घरी असतीन ना बाप्पा. होते. दोन हार्डडिस्क होत्या, एक चांगली आन एक मरेल. बाजूचा स्टुडिओवाला माझे डिझाईन चोरते म्हणून मी चांगलीवर मार्करनं 'खराब' लिहून ठेवलं आन मरेलीवर 'ओरिजिनल'. चोर आला तर मरेल घेऊन जाईन आन महिनाभर बोंबलत बसन. चोर काही आला नाही. साईट जायच्या आदल्या दिवाळीच्या सफाईले भंगारवाला आला. मी बाहेर उभा राहून गप्पा हाणत होतो, तिथूनच म्हणलं, खराब लिहेल हाय ते सारं घेऊन जा. वीस वर्षाचे फोटो त्याच्या हातगाड्यावर बसून माझ्या डोळ्यासमोरून गेले. मी त्याले टाटाही केला.

आता साईटवर एक पान होतं, 'आठवणी'. ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ त्याच पानाचा हाय.

गावात माणूस मेला की तेरवीले फोटो लागते. आन पुष्कळ लोकायचा ढंगाचा फोटो नसतेच. आधार कार्ड आणून देते, नाही तर कोणाच्या तरी लग्नातला, ज्यात बुढी मांगच्या रांगेत अर्धी दिसून राह्यली. मंग आमी काय करतो, निस्तं तोंड कापून घेतो आन तयार बॉडीवर बसवतो. मांगं निळं आभाळ. प्रत्येक फोटोग्राफरजोळ अशा दोन-तीन बॉड्या असतेच. माझ्याजोळ कोट-टायवाली होती, ते माझी स्वतःची. धोतर-टोपीवाली माझ्या सासऱ्याची. आन बायायसाठी एकच होती. हिरवं पातळ, डोक्यावरून पदर, मांडीवर हातावर हात.

ते माझी बायको, विजयमाला. नवा लाईट आणला होता, तो पाह्याले तिले स्टुलावर बसवलं होतं. लय वर्षं झाले. फोटो चांगला आला म्हणून मी बॉडी ठेवली. डोक्स उडवून टाकलं, कारण ते कामाचं नव्हतं.

ऑगस्टमधी खालच्या गल्लीतल्या भीमराजची माय गेली. फोटो मीच बनवून देल्ला. तेरवीले विजयमाला फुलं व्हायले वाकली आन तशीच थांबली. डाव्या हाताची करंगळी वाकडी. तिची करंगळी आमच्याच शटरमधी चेंगरेल हाय, ते तिले समजणार नाही तं कोणाले. वरून तोंड भीमराजच्या मायचं, गळ्यात झेंडूचा हार.

तिथी जेवली, वाढू लागली, घरी आली. चप्पल काढून मले विचारलं.

"भीमराजच्या मायच्या गळ्याखाली कोण हाय?"

आन मी हसलो. पन्नाशी गेली तरी मले कुठी हसायचं ते समजत नाही. मी म्हणलं, "तूच हाय. फुकटात हार भेटला तुले."

"किती भिंतीवर हाव मी?"

"असन पंधरा-सोळा. साईटवर पाहून सांगतो."

मोबाईल काढला, साईट उघडली, तं कोरं पान. दाबून पाह्यलं, कोरं. ते समोर उभी. मी म्हणलं, नेटवर्क नाही. ते म्हणे, नेटवर्क हाय. तवा मले पह्यल्यांदा गाढवं आठवले.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. तिचं माहेर फुलसावंगी, भाऊ वामनराव तिथी कापूस-तूर करते. एसटीत चढायच्या आधी एवढंच बोलली की जितेपणी हार घालेल बाई मी, या घरात काही माझ्यानं राहवणार नाही. "सगळ्या भिंतीवरून मले उतरवा. सगळ्या म्हणजे सगळ्या. मंग येईन."

मी म्हणलं, आठ दिवसाचं काम हाय.

आठ दिवसाचं असतं, साईट असती तं. कोणत्या गावात, कोणाच्या घरी, मेलेल्या बाईचं नाव काय, सारं त्या 'आठवणी'च्या पानावर होतं. मले निस्तं एवढं याद होतं की बायायचे सोळा होते, कारण अठरा झाले की पान भरन, आता दोनच जागा राह्यल्या, असं कपिल म्हणायचा. भीमराजची माय सतरावी. तिचा फोटो मी त्याच सांजेले बदलून देल्ला. सोळा राह्यल्या.

कपिलले फोन केला. त्यानं आधी सहा गाढवायचं ऐकून घेतलं. मी म्हणलं, हसून घे. तो म्हणे, काका, हसून नाही राह्यलो, त्या मेसेजवाल्याचं वाईट वाटून राह्यलं. साईट जुनी वापस येत नाही म्हणे, नवीन बांधा लागन. फोटो जमवून आणा, मी पानं उभे करतो. त्यानं पाटी टाकून देल्ली, 'ज्याच्या घरी गोपाल फोटोनं बनवलेला आठवणीचा फोटो आहे त्यांनी कळवावे'. नेरच्या सगळ्या ग्रुपवर मी ते पाठवलं.

एकानंही कळवलं नाही. दोघं-तिघं रस्त्यात भेटून म्हणे, गोपालभाऊ, यावेळची काही जमली नाही, जराक दमदार काढा. गेल्या साली मीच 'उद्या नळाले दूध येणार' अशी पाटी लावेल होती आन लोकं गंज-बादल्या घेऊन उभे राह्यलते. आता माझ्या खऱ्यावर कोण भरवसा ठेवन.

मंग काढली गाडी. कॅमेरा, दोन लाईट, पिशवीत नवीन फ्रेमी. नवी बॉडी मी नेटवरून घेतली, कोण्या मुलखातली बाई काय माहीत, पण हात साजरे होते. ज्या गावात लग्नं केले त्या गावात जायचं, चहाच्या टपरीवर बसायचं, कोण कोण बुढ्या गेल्या ते विचारायचं. लोकाले वाटे, हा गोपाल आता मेलेल्या बायायच्या मांगं लागला. घर सापडलं की भिंतीवरचा फोटो उतरवायचा, त्याचा फोटो घ्यायचा, तोंड पुन्हा कापायचं, नवीन बॉडी लावून चार दिवसानं फ्रेम आणून द्यायची. आन कपिलले पाठवायचं, साईटवर चढवायले. पह्यल्या घरी त्या बाईची सून म्हणे, काहून बदलता, चांगला तं हाय. मी म्हणलं, जुन्या फोटोचा रंग उडते, कंपनीचा आदेश हाय. कंपनी म्हणजे मीच.

सांजेले फुलसावंगीले फोन लावू. ते उचले आन एकच विचारे, "किती?"

"तीन."

कट. आठ दिवसानं, "किती?" "पाच." कट. जेवले का, झोपले का, काही नाही. एका डावले मी म्हणलं, "सव्वापाच." मले वाटलं हसन. कट.

घरात मी एकटा. अपेक्षा, माझी पोरगी, नागपूरले नोकरीले. तिनं दोघायच्या भांडणात पडायचं नाही असं ठरवेल. मस्ती करायची तं कोणासंग करा? चहात मीठ टाकलं तं तो चहा मलेच प्याव लागे. एका दिवशी मी माझीच चावी पिठाच्या डब्यात लपवली, म्हणलं, विसरून जाईन आन मंग सापडवायले मजा येईन. विसरलोच नाही. सकाळी उठलो आन सिद्धा डब्यात हात घातला. आपणच लपवायचं आन आपणच काढायचं, याच्यात काही दम नाही बाप्पा.

सातवी भिंत लखीरामच्या तांड्यावर निघाली. लखीरामची माय जमनी, तिचा फोटो. मी फ्रेम उतरवून उजेडात धरली आन माझंच तोंड उतरलं. जमनीबाई बंजारी बाई. साऱ्या जलमभर कोपराच्या वर्तपर्यंत पांढऱ्या बलिया, म्हणजे बांगड्या, घालेल हात. आन फोटोत हिरवं पातळ, हिरवा चुडा, वाकडी करंगळी. लखीरामची पोरगी वर्षा, यवतमाळले नर्सिंग शिकते, ते म्हणे, "काका, तोंड आमच्या दादीचं हाय. बाकीची बाई कोण हाय?"

मी लखीरामकडे पाह्यलं. म्हणलं, तुमाले माहीत होतं?

"आंधळ्यालेही दिसते," लखीराम म्हणे. "याडीच्या, मायच्या हातात बलिया नाही म्हणजे काय. पण तुमी फोटो घेऊन आलते तवा इतले खुश होते, मी म्हणलं, याले कायले नाराज करा. बारा वर्षं दिवाळीले तुमच्या मंडळीसमोर दिवा लावून राह्यलो आमी."

मी त्याच्या मावशीले वट्ट्यावर बसवलं, बलियासकट तिच्या हाताचा फोटो काढला, आन जमनीबाईले तिचे हात देल्ले. माझ्या जिंदगीतलं ते पह्यलं नीट काम. घरातल्या बाया फोटोसमोर बसून रडल्या. बारा वर्षानं. मी बाहेर येऊन गाडीचा प्लग साफ करत बसलो. प्लग साफच होता.

कपिल पानं उभे करत होता. लग्नाचं झालं, पोळ्याचं झालं. लोकायच्या अल्बमातून मी माझेच फोटो उधार आणून पुन्हा काढत होतो. एका दिवशी तो म्हणे, काका, 'आमच्याबद्दल' पान राह्यलं, तुमचा आन काकूचा एक जोडीचा फोटो पाठवा. मी शोधले. मोबाईलात पाह्यलं, कपाटात पाह्यलं. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला त्याले दहा वर्षं झाले, मीच म्हणलं होतं की डिस्कवर हाय, काय फिकीर. अपेक्षाले विचारलं, तिच्याजोळ एक होता, त्यात विजयमालानं तोंड फिरवेल. तिले फोटो काढलेला आवडे नाही. फोटोवाल्याची बायको, सगळ्यायले लाईट धरायची.

माझ्या कॉम्प्युटरवर तिचा एकच फोटो होता. हिरवं पातळ, मांडीवर हात. वर्त आभाळ.

त्या दिवशी स्टुलावर ते हसत होती का काय, मले आठवून नाही राह्यलं. कपिलले सांगतलं, ते जागा कोरी ठेव.

डिसेंबर निघाला, जानेवारी निघाला. भीमराजच्या मायले धरून सोळा झाल्या. शेवटची राह्यली मारेगावकडची. सुरवातीचे सहा वर्षं माझा स्टुडिओ मारेगावले होता, तवाची. फाट्यावरून आत गेलं की दहा-बारा घरं, त्यात डोमाजीचं. बायको गिरजाबाई, तिचा फोटो मी सतरा-अठरा वर्षापूर्वी केला होता, हिरव्या पातळाचा सगळ्यात पह्यला.

डोमाजी अठ्ठ्याहत्तरचा. पोरगा चंद्रपूरले, सणावाराले येते. बुढा एकटाच रांधते, एकटाच खाते. फोटो चुलीच्या समोरच्या भिंतीवर, धुरानं कडा पिवळ्या झालेल्या. मी गेलो तवा तो त्या फोटोले सांगून राह्यला होता की आज भाजीत तेल जास्त पडलं. मले पाहून लाजला नाही. म्हणे, बस.

मी माझी रेकॉर्ड लावली, रंग उडते, कंपनी नवीन फ्रेम देऊन राह्यली. मारेगावच्याच एका पाहुण्याजोळ गिरजाबाईचा लग्नातला जुना फोटो भेटेल होता, म्हणून यावेळी नवीन फ्रेम मी आधीच बनवून आणली होती. पिशवीतच होती.

डोमाजी ऐकत होता. मंग म्हणे, "हात बदलशीन का?"

मी म्हणलं, काहून?

"मोतीबिंदू हाय मले. तोंड नाही दिसत आता, निस्तं काळं दिसते. हात दिसते. हिरव्यावर उजळ हाय ना, म्हणून."

तो चुलीत काडी सारत बोलत होता, माझ्याकडे न पाहता.

"तिचे हात अशे नव्हते. मले काय माहीत नाही का? तिचे कापसानं फाटेल होते, बोंडानं चिरेल. अन् ते कधी मांडीवर हात ठेवून बसलीच नाही. इथून उठली, तिथी लागली. मरायच्या दिवशीही शेंगा फोडत होती. मांडीवर हात ठेवून बसेल मी तिले याच फोटोत पाह्यली." मंग म्हणे, "ज्या बाईचे असतीन तिचं भलं होवो. पण ते हात नको नेऊ."

मंग तो मडक्यातून पाणी घ्यायले आतल्या खोलीत गेला. आंधळ्यागत चाचपडत, गिलास शोधत. लय वेळ होता माझ्याजोळ. नवीन फ्रेम त्याच मापाची, त्याच रंगाच्या लाकडाची. नवीन बाईचे हातही उजळच होते, पातळही हिरवंच करून आणलं होतं. तीस वर्षं मी लोकायले याच्याहून कठीण टोप्या घालेल हाय. फ्रेम पिशवीतून बाहेर काढली. खिळ्यावरून जुनी उतरवली, दोन्ही हातात दोन घेऊन उभा राह्यलो.

जुन्या फोटोतली करंगळी पाह्यली. मंग जुनी परत टांगली. तिरपी झाली होती, नीट केली.

डोमाजीनं पाणी आणलं. मी प्यालो.

फुलसावंगीले फोन नाही केला, गाडी घेऊन गेलो. जातानी सारा रस्ता एकच विचार, सतरा म्हणून सांगायचं. तिले कोण सांगायले जाते. मारेगाव कुठी आन फुलसावंगी कुठी, जिल्ह्याचे दोन टोकं. ते आज पिशवी भरन, उद्या नेरले चहा मांडन.

वामनरावानं दारातच धरलं, या जावईबापू, आमच्या घरच्या कोणाचा फोटो बाकी राह्यला का? मी म्हणलं, तुमचाच हाय, बॉडी तयार हाय. तो हसला. विजयमाला वट्ट्यावर तूर निवडत होती. मांडीवर सूप. वर पाह्यलं नाही.

"किती?"

"सोळा."

"आन सतरावा?"

मी सांगतलं. सारं. मोतीबिंदू, चूल, शेंगा, मांडीवरचे हात. मी इतला वेळ मधात एकही मस्करी न करता बोलेल तिनं जलमात ऐकलं नसन. तिचे हात तुरीत थांबले होते.

"सतरा म्हणून सांगता आलं असतं तुमाले," ते म्हणे.

"आलं असतं."

"मले समजलं नसतं."

"नसतंच समजलं."

तिनं सुपातला एक खडा काढून फेकला. मंग दुसरा.

"तं मंग मी काही येत नाही," ते म्हणे. आवाज चढवला नाही. "मी सगळ्या म्हणलं होतं. हार घालेल हाय तिथी माझ्या हाताले, मी काय करू? मनातून जात नाही माझ्या. पण त्या बुढ्याचा फोटो तुमी हलवला, तं मंग मी कधीच येणार नाही. हेही ऐकून ठेवा."

मी म्हणलं, बरं.

"बरं काय?"

"दोन्ही."

मी कॅमेरा काढला. म्हणलं, साईटवर जागा कोरी हाय, एक तोंडाचा काढू दे. तिनं पदर सारखा केला, मले वाटलं बसन. मंग म्हणे, आता नाही. आन सूप घेऊन आत गेली. वामनरावाची बायको जेवायले वाढते म्हणत होती. मी म्हणलं, नेरले काम हाय. नव्हतं.

साईट झाली. आता कोणीही पाहू शकते. 'आठवणी'च्या पानावर सोळा नव्या, आन शेवटी गिरजाबाई, जुन्याच हातायची. कपिलनं विचारलं, हिचा मांगचा रंग बदलू का, सगळ्यायसारखा? मी म्हणलं, राहू दे.

आता सांजेले मी फोन लावत नाही. ते लावते, सोमवारच्या सोमवारी. "किती" विचारत नाही. विचारते, "बुढा कसा हाय?" त्याले पाह्यल्याबिगर काय सांगू? म्हणून मी दर रविवारी मारेगाव गाठतो. सव्वाशे किलोमीटर जाणं, सव्वाशे येणं. डोमाजीले वाटते, हा फोटोवाला रिकामा हाय. खरं हाय ते. त्याचे डोळे तपासून आणले, डॉक्टर म्हणे, या वयात शुगर एवढी हाय, आता ऑपरेशन नको. खोकला हाय. दोन रविवारी खोकला जास्त होता तं विजयमाला मंगळवारीही फोन करून बसली. मले विचारलं नाही की तुमी कशे हाय. मी सांगतलंही नाही.

गेल्या हप्त्यात मी रविवारचा सोमवारले गेलो. डोमाजीच्या घरीच असताना तिचा फोन आला. बुढा म्हणे, कोण हाय? मी म्हणलं, आमची मंडळी. म्हणे, दे इकडे. फोन कानाले उलटा लावला, मी सिद्धा करून देल्ला. तो जोरानं बोलत होता, फोटोसंग बोलते तसा. पाऊसपाण्याचं विचारलं, तुरीचं विचारलं, तुमचा माणूस चांगला हाय पण चहा लय गोड करते म्हणून सांगतलं. तिकडून ते काय बोलली मले ऐकू आलं नाही. बुढा ऐकत होता आन मान हलवत होता, तोंडभर हसून.

फोन माझ्या हातात देत म्हणे, "लय भली बाई हाय गड्या. म्हणे, तुमी शंभर वर्षं जगा."

"म्हणली का असं?"

"दोन डाव म्हणली."

फोन बंद झाला होता. डोमाजी अठ्ठ्याहत्तरचा, मी बावन्नचा. बुढ्याचे शंभर म्हणजे ते हात भिंतीवर आन मी घरात एकटा, अजून बावीस वर्षं. मी चुलीपाशी बसलो आन म्हणलं, बरोबर बोलली. बुढा खुश झाला होता. म्हणे, चहा मांड, आज साखर कमी टाक. मी साखर कमी टाकली.